मागचा जन्म धुंडाळायचाय? आधी वही घ्या

अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात छद्दंत या सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट सांगून झाली की दर ग्रुपमधला एक जण मागे रेंगाळतो. बाकीचे फोटो काढत पुढे सरकतात. हा पाण्याची बाटली उघडतो, दोन घोट पितो आणि माझ्याकडे न बघताच विचारतो, "भाऊ, आपला मागचा जन्म कसा कळतो हो?"

तेवीस वर्षं गाईडचं काम करतोय. एवढं कळायला लागलंय की असं विचारणाऱ्याला मागच्या जन्माची उत्सुकता थोडी आणि या जन्माची अडचण मोठी असते. एका बाईंची नांदेडला बदली झाली होती आणि घरी सासू अंथरुणाला खिळलेली. एका पोराला घरच्यांनी ठरवलेली सोयरीक मोडायची होती. एक काका सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोललेले नव्हते. पायऱ्या उतरता उतरता अशा माणसाला काय सांगणार? तिथं राहून जातं ते इथं लिहितोय.

पुनर्जन्म आहे की नाही यावर मी पैज लावणार नाही. आमच्या फर्दापुरात आजीच्या तोंडी "मागच्या जन्मीचं देणं" हे शब्द रोजच्या भाकरीसारखे होते, आणि माझं पोट ज्या भिंतींवर चालतं त्या बुद्धाच्या मागच्या जन्मांनीच रंगलेल्या आहेत. हा विषय माझ्यासाठी कामातलं हत्यार आहे. ते कसं धरायचं तेवढं सांगतो.

पहिल्या पानावर आजचा प्रश्न

पाली जातकात, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या संग्रहात, ५४७ गोष्टी आहेत आणि बांधणी बहुतेकांची सारखीच. सुरुवात आजच्या घटनेनं होते: विहारात कोणी भांडलं, कोणी हावरटपणा केला, कोणी रडलं. तिला पच्चुप्पन्नवत्थु म्हणतात, म्हणजे वर्तमानातली गोष्ट. मग येते अतीतवत्थु, मागच्या जन्माची गोष्ट. त्यात गाथा, गाथेचा अर्थ, आणि शेवटी समोधान, म्हणजे जुळणी: तेव्हाचा तो आज हा, तेव्हाची ती आज ही.

लोक गाडी उलटी हाकतात. आधी मागचा जन्म बघायला जातात आणि मग त्याचं करायचं काय हे शोधत बसतात. जातकात बुद्ध कुणाला गंमत म्हणून मागचा जन्म सांगत नाही. समोर काहीतरी अडलेलं असतं, तेव्हा सांगतो.

तेव्हा साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख टाका आणि अडलेली गोष्ट एका ओळीत लिहा. "माझ्या आयुष्याचा अर्थ काय" असलं लिहाल तर वही बंद करून चहा घ्या. ओळ अशी हवी की तिचं उत्तर हो किंवा नाही, हे किंवा ते, असं देता आलं पाहिजे.

माझी ओळ सांगतो. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली ती डिसेंबरात उघडली. मधल्या काळात गाईडला कोण विचारणार? मेव्हण्याचं सिल्लोडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, भागीत या, गल्ल्यावर बसा, लेण्यांचं आता काय खरं नाही." मी वहीत लिहिलं: लेणी सोडून सिल्लोडला जावं का?

त्याखाली आणखी एक गोष्ट लिहायची. या प्रश्नाशी जोडलेलं आपलं असं कोणतं वळण आहे, जे कारण नसताना पुन्हा पुन्हा उमटतं? पतंजलीच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादात एक सूत्र आहे, संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान होतं, अशा अर्थाचं. पुढचं ज्ञान होईल तेव्हा होवो, सुरुवातीचा शब्द आपल्या कामाचा: संस्कार. पैसे मागायची वेळ आली की माझा आवाज बारीक होतो. ठरलेली फीसुद्धा मी गिऱ्हाइकाकडं मागत नाही, त्यानं आपणहून दिली की घेतो. हे माझं वळण. तुमचं दुसरं काही असेल.

दिवस उलटा आठवायचा

आता बसायचं. पोट भरलेलं नको आणि रिकामंही नको. झोपायच्या आधी बसू नका, डुलकी आणि दर्शन यातला फरक तेव्हा कळत नाही. पहाटेची किंवा संध्याकाळी दिवेलागणीची वीस मिनिटं पुरतात.

माझी पद्धत जुनी आहे. पाचव्या शतकात, म्हणजे इकडं सतरा नंबरचं लेणं रंगत होतं त्याच शतकात, श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध आचार्यानं विशुद्धिमग्ग हा ग्रंथ रचला. त्यात पूर्वजन्म आठवण्याची रीत दिलीय. भिक्खूनं आधी आत्ताचं बसणं आठवायचं, मग आसन अंथरलं ते, मग खोलीत शिरलो ते, असं करत दिवस उलटा उलगडायचा. मग काल, परवा, महिना, वर्ष, थेट जन्मापर्यंत आणि त्याच्याही मागं. हे ध्यानाची चौथी पायरी गाठलेल्यांसाठी आहे. आपण पायथ्याशी उभे आहोत, हे विसरायचं नाही.

तरी करून बघा. सतरंजी अंथरली. त्याआधी हात धुतले. त्याआधी दूधवाल्याचे पैसे दिले. त्याआधी? पहिल्या आठवड्यात माझी गाडी दुपारच्या जेवणापाशी अडायची. भाजी कोणती होती तेच आठवेना. काल दुपारची भाजी आठवत नाही आणि निघालो पाचव्या शतकात, म्हणून मी मोठ्यानं हसलो होतो. बायकोनं आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "वांगी होती का काल?" ती म्हणाली, "मेथी."

हा सराव निदान पंधरा दिवस करा. याचा एक फायदा मागच्या जन्माविना मिळतो: आपण काय काय विसरतो ते दिसतं. मी विसरत होतो ती बहुतेक वेळा कुणी मला बोललेलं असायचं.

मग एखाद्या दिवशी मागं जाता जाता हात सैल सोडायचा आणि मनाला ती पहिल्या पानावरची ओळ ऐकवायची. काही येईल, काही येणार नाही. आलं तर "मी कोण आहे?" असं लगेच विचारू नका. मनाला राजा व्हायची हौस असते, ते झटकन सिंहासन मांडून देतं. पायाखाली काय आहे, हातात काय आहे, वास कसला येतोय, जवळ कोण आहे, एवढंच बघा. डोळे उघडले की पहिल्या पाच मिनिटांत उतरवून काढा, मोडक्या वाक्यांत चालेल. अर्थ लावायचा नाही.

मी पाहिलेला चित्रकार

मी घरी बसून सराव केला आणि शिवाय संभाजीनगरला एका ठिकाणी अडीच हजार भरून संमोहनाचं सेशनही केलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आरामखुर्ची, मंद आवाज, "जिना उतरा, दार दिसेल, उघडा." दार उघडलं आणि मी थेट सतरा नंबरमध्ये. भिंतीपुढं एक म्हातारा चित्र काढतोय आणि मी त्याच्या शेजारी दिवा धरून उभा. तेलाचा वास. म्हातारा हात जरा हलला की खेकसतोय. मी रडलो, खरंच रडलो. परत येताना एसटीत वाटलं, सुटला प्रश्न. मी अजिंठ्याचाच, सिल्लोडला जायचंच नाही.

दोन दिवसांनी वही उघडून लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यात होतं: "भिंतीवर डावीकडं रंगाचा पोपडा गेलेला, खालची माती दिसते."

तिथं मी थबकलो. ते चित्र काढलं जात असताना भिंत ताजी असणार. भुसा-गवत मिसळलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याचा हात, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी, बाहेरून आणलेला निळा दगड, सगळं नवं कोरं. पोपडा जायला शेकडो वर्षं लागली. म्हणजे मला दिसली ती भिंत मी रोज टूरिस्टांना दाखवतो तीच! टॉर्चच्या जागी दिवा आला होता, एवढाच फरक.

म्हणून जे दिसेल त्याची झडती घ्या. वहीच्या उजव्या पानावर दर्शन आणि डाव्या पानावर हे आपल्यात कुठून आलं असेल त्याची यादी: शाळेचं पुस्तक, टीव्हीवरची मालिका, आजोबांच्या गोष्टी, बघितलेला किल्ला, नोकरीचं ठिकाण. अमेरिकेत १९५२ साली कोलोरॅडोतल्या एका बाईनं संमोहनात एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडचा जन्म सांगितला आणि त्याचा केवढा गाजावाजा झाला. पुढं शोध घेतला तर आयर्लंडात त्या नावाच्या बाईची नोंद सापडेना, पण शिकागोत कोलोरॅडोच्या बाईच्या लहानपणी समोरच राहणारी एक आयरिश बाई सापडली, जवळपास त्याच नावाची. कोलोरॅडोची बाई खोटं बोलत नव्हती. ऐकलेलं विसरली होती आणि विसरलेलं नवं होऊन वर आलं.

सगळंच इतकं सरळ सुटतं असंही नाही. १९७४ साली नागपूरच्या एक मराठी बाई, वय बत्तीस, अचानक जुन्या वळणाचं बंगाली बोलायला लागल्या, बंगाली बायकांसारखं लुगडं नेसायला लागल्या, मराठी कळेनासं झालं. दिवसच्या दिवस तसं चालायचं आणि मग त्या परत पहिल्यासारख्या. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन आणि पुण्याचे व. वि. अकोलकर यांनी तो प्रकार बारकाईनं तपासला. त्या थोडंफार बंगाली आधी शिकल्या होत्या, यावर शंका घेणाऱ्यांनी बोट ठेवलं. तेवढ्या शिकण्यावर इतकं बोलता येतं का, यावर वाद राहिला. मी तो वाद आहे तिथंच ठेवतो.

झडतीत दर्शन नापास झालं तर फेकून द्यायचं का? नाही. माझा चित्रकार माझ्याच डोक्यातला, कबूल. पण डोक्यात हजार चित्रं होती, त्यातून हेच का वर आलं? मी ब्रश धरलेला नव्हता, दिवा धरलेला होता. आणि वहीत लिहिलेलं होतं, "हात भरून आला तरी सोडावासा वाटला नाही." ही ओळ या जन्माची असली तरी माझ्या कामाची होती. आणि म्हातारा खेकसला तरी मी हूं की चूं केलं नाही, हेही माझंच वळण, फी न मागणाऱ्याचं.

राणीची चूक करू नका

आता दहा नंबरची गोष्ट पुरती सांगतो, कारण मागच्या जन्माच्या आठवणीचं काय करू नये हे तिच्याइतकं कुणी सांगितलेलं नाही.

सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा, दोन राण्या. एकदा त्यानं फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली. वाऱ्याच्या एका अंगाला उभ्या महासुभद्रेवर फुलं पडली आणि दुसऱ्या अंगाच्या चुल्लसुभद्रेवर वाळक्या काटक्या, पानं, तांबड्या मुंग्या. राजानं मुद्दाम काही केलं नव्हतं, वारा तसा होता. पण तिनं ते मनात धरलं, मरताना तेच मागितलं, आणि पुढच्या जन्मी वाराणसीच्या राजाची राणी झाली. सगळं आठवत होतं. सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला पाठवून तिनं सुळे मागवले. विषारी बाण लागलेल्या हत्तीनं, शिकाऱ्याच्यानं सुळे कापवेनात म्हणून, स्वतःच सोंडेत करवत धरली. सुळे समोर आले तेव्हा राणीचं काळीज फुटलं. उजव्या भिंतीवर ती मूर्च्छित होताना दिसते. चित्र इसवी सनाच्या आधीचं, आता फार अंधुक झालंय. त्याच लेण्यात एका खांबावरच्या चित्रावर इंग्रज अधिकारी जॉन स्मिथनं २८ एप्रिल १८१९ ला आपलं नाव कोरून ठेवलं. टूरिस्टांना ते नाव झटकन दिसतं, राणी दाखवावी लागते.

या गोष्टीची सुरुवात मी टूरिस्टांना सहसा सांगत नाही, वेळ नसतो. श्रावस्तीत एक तरुण भिक्खुणी बुद्धाचं प्रवचन ऐकत बसलेली असते. तिला आठवतं, मागच्या एका जन्मी मी यांची बायको होते. आनंदानं तिला हसू फुटतं. मग ती आणखी आठवते, मी यांच्याशी वागले कशी? आणि सुळे आठवतात: तेव्हाची चुल्लसुभद्रा ती, तेव्हाचा हत्ती बुद्ध. ती सगळ्यांदेखत मोठ्यानं रडते.

यावरून माझा नियम: हसवणाऱ्या आठवणीवर थांबायचं नाही. पहिल्या फेरीत बहुधा आपल्यावर झालेला अन्याय दिसतो किंवा आपला थोरपणा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसा आणि विचारा, मी कुणाचं काय केलं?

आणि जुळणी करताना, म्हणजे "तेव्हाचा तो आज हा" लिहिताना, दुसऱ्याचं नाव पेन्सिलनंच लिहा. आपलं पेननं लिहिलं तर चालेल. एका बाईंनी मला सांगितलं होतं की सून मागच्या जन्मीची सवत आहे हे त्यांना ध्यानात दिसलं. मी विचारलं, सुनेला सांगितलंत? म्हणाल्या, "सांगितलं की, चारचौघांत." आता त्या घरात कोण कुणाच्या हातचा चहा घेत असेल? वारा कुठून वाहत होता ते बघायच्या आधीच सुळे मागवले गेले.

कुणाला कधी हे करू देऊ नये

घरात नुकतं कुणी गेलं असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरकडं जा. दर्शनात मारहाण, अंगाला हात लावणं असलं काही आलं तर तो मागचा जन्म असेलच असं नाही, याच जन्मातलं दडपलेलंही असू शकतं. तेही डॉक्टरचं काम आहे. सेशन घेणारा पूजा, खडा, यंत्र सुचवायला लागला की चप्पल शोधा. जमीन विकणं, ऑपरेशन टाळणं, सोडचिठ्ठी देणं, असले निर्णय नुसत्या दर्शनावर घ्यायचे नाहीत.

लहान पोर "माझं दुसरं घर आहे" असं म्हणालं तर? स्टीव्हन्सननी नोंदलेली पोरं बहुधा दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बोलायला लागलेली आणि पाच ते आठच्या दरम्यान विसरलेली. पोराला खोदून विचारू नका, गावभर दाखवत फिरू नका. त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा आणि खेळायला सोडा.

सोमवारपर्यंत काय करणार

आपल्याकडं कर्माचे तीन हिशेब सांगतात. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे भोगायला निघालेलं, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता हातून होतंय ते. पहिले दोन बघून झाले की वहीत तिसऱ्याचं पान उघडा आणि लिहा: येत्या सोमवारपर्यंत मी कोणती एक गोष्ट करणार? सोमवार माझा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. तुमचा वार तुम्ही ठरवा. गोष्ट छोटी हवी. त्या भावाशी न बोलणाऱ्या काकांना मी म्हटलं होतं, फोन नका करू, नुसता नंबर शोधून ठेवा.

इथं मला आमच्याच जिल्ह्यातल्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई आठवतात. १६२८ चा जन्म, १७०० साली देह ठेवला. त्यांनी आपले मागचे बारा जन्म सांगितलेत, हा तेरावा. पण सांगितले कधी? शेवटच्या दिवसांत, मुलाला जवळ बोलावून. तुकोबांना गुरू मानायचं, तेही ब्राह्मणाच्या घरात, नवऱ्याचा मार खात, हा आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय त्यांनी कोवळ्या वयात घेतला होता. जन्मांचा हिशेब मागाहून आला. मला हा क्रम पटतो, आणि शिऊरला समाधीपाशी बसलो की आणखी पटतो.

माझं काय झालं? सिल्लोडला गेलो नाही. "दिवा सोडावासा वाटला नाही" ही ओळ खरी निघाली की मीच ती खरी करून घेतली, सांगता येत नाही. पैशाचं म्हणाल तर मेव्हण्याचं दुकान मस्त चाललंय आणि बायको दर दिवाळीला ते ऐकवते. पण सोमवारपर्यंतची गोष्ट म्हणून मी तेव्हा लिहिलं होतं: फी आधी सांगायची, टी-पॉइंटवर लेण्यांकडची बस पकडायच्या आधी. ते जमतंय. पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं गेली.

वहीत त्या खेकसणाऱ्या म्हाताऱ्याच्या पुढं मी मेव्हण्याचं नाव घातलं होतं, पेन्सिलनं. गेल्या सोमवारी वही चाळताना ते खोडलं. तिथं अजून दुसरं नाव घातलेलं नाही.